शो आधी, टेप नंतर: ग्रेटफुल डेडचं चांगलं लाइव्ह रेकॉर्डिंग कसं शोधायचं

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला विचारतं, "अरे ग्रेटफुल डेड ऐकायला घेतलंय, पण आवाज डब्यातून आल्यासारखा का येतोय? लोक एवढं काय डोक्यावर घेतात यांना?" मी विचारतो, नक्की काय ऐकलंस? उत्तर ठरलेलं असतं: सर्च मारला, सगळ्यात वर जे आलं ते लावलं. नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो, म्हणून एकदाचं सगळं क्रमाने लिहून काढतोय.

या अमेरिकन रॉक बँडने १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत साधारण २३०० शो केले आणि त्यातल्या बहुतेक शोंच्या टेप्स आज फुकट ऐकता येतात, इंटरनेट आर्काइव्हवर त्यांचा वेगळा मोठा विभागच आहे. एकाच रात्रीच्या पाच, दहा, कधी त्याहून जास्त टेप्स तिथे असतात. त्यामुळे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवायचे. बँड कुठल्या रात्री चांगला वाजला, हा पहिला. त्या रात्रीची कुठली टेप चांगली आहे, हा दुसरा. अप्रतिम शोची भिकार टेप असते आणि एखाद्या साध्याशा शोची टेप काचेसारखी स्वच्छ असते. दोन्ही प्रश्न एकदम सोडवायला गेलात की फसलात. ज्यांनी आपल्याकडच्या मैफलींच्या खाजगी कॅसेट जमवल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

१. आधीची तयारी (दहा मिनिटं लागतात, पण टाळू नका)

डेडची गाणी एकातून दुसऱ्यात वाहत जातात. गाण्यांच्या यादीत दोन नावांमध्ये बाण दिसला तर त्याचा अर्थ मध्ये थांबलेच नाहीत. तुमचं प्लेअर अॅप दोन ट्रॅकमध्ये अर्धा सेकंद शांतता टाकत असेल तर नेमकी सगळ्यात सुंदर जागा तुटते. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी करा: गॅपलेस प्लेबॅक चालू, क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं त्यावर चढवणं) बंद आणि आवाज आपोआप सारखा करणारं जे काही असेल ते बंद. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण हळू वाजवलेली जागा ते उचलून मोठी करतं आणि मग टेपची खरखर पण मोठी होते, आणि तुम्ही दोष टेपला देता.

हेडफोन वायरवाले साधे असले तरी चालतील. फोनच्या स्पीकरवर मात्र टेप्सची तुलना करू नका, बास ऐकूच येत नाही आणि या बँडमध्ये फिल लेशचा बास ऐकू आला नाही तर अर्धं संगीत गेलं. आणि एक वही किंवा फोनमध्ये एक नोट उघडून ठेवा. तारीख, कुठली टेप, काय आवडलं, काय खटकलं. पंधरा शो झाले की डोक्यात काही राहत नाही, सगळ्या तारखा एकसारख्या वाटायला लागतात.

२. आधी काळ ठरवा

बँड एकच असला तरी दर काही वर्षांनी आवाज इतका बदलतो की एका काळावरून दुसऱ्याबद्दल मत बनवणं चूक आहे. ढोबळ नकाशा असा:

१९६८ ते १९७०: दोन ड्रमर, गायक पिगपेनचा ब्लूज, लांबच लांब आणि बेभान. १३ आणि १४ फेब्रुवारी १९७०, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट, इथून सुरू करा. त्याच वर्षी २ मे ला हार्पर कॉलेजचा शो आहे, त्यात आधी अकूस्टिक सेट (विजेशिवायच्या वाद्यांवरचा भाग) आहे, ज्यांना एकदम गोंगाट नको त्यांना तो सोपा जाईल.

१९७१ ते १९७४: फेब्रुवारी १९७१ मध्ये मिकी हार्ट बाहेर पडला, एकच ड्रमर उरला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कीथ गॉडशॉचा पियानो आला, आणि वाजवणं एकदम हलकं, जॅझकडे झुकलेलं झालं. माझा स्वतःचा सगळ्यात आवडता काळ हाच. १९७२ च्या एप्रिल-मे मधला युरोप दौरा, २२ शो, आणि २७ ऑगस्ट १९७२ चा ऑरेगनमधल्या व्हेनेटाचा शो.

१९७६ ते १९७८: मिकी हार्ट परत, दोन ड्रमर, घट्ट ठेका, गाणी नीट बसवलेली. नवीन माणसाला मी कायम १९७७ चा एप्रिल-मे सुचवतो कारण वाजवणंही चांगलं आणि टेप्सही चांगल्या, असं दोन्ही एकत्र फार क्वचित मिळतं.

१९७९ ते १९९०: ब्रेंट मिडलंडचा ऑर्गन आणि त्याचा फाटका, जीव तोडून लावलेला आवाज. या काळातलं काय ऐकावं तर १९८९ चा ऑक्टोबर आणि १९९० चा मार्च. २९ मार्च १९९० ला नॅसो कोलिझियममध्ये ब्रॅनफर्ड मार्सालिस सॅक्सोफोन घेऊन आला होता, तो शो.

१९९० नंतर: व्हिन्स वेलनिक कीबोर्डवर, काही काळ ब्रूस हॉर्न्सबी पण सोबत. मुख्य गिटारवादक आणि गायक जेरी गार्सियाची तब्येत आणि आवाज ढासळत गेलेले ऐकू येतात, इथून सुरुवात करू नका. बाकीचं ऐकून झाल्यावर या, मग या टेप्स वेगळ्या ऐकू येतात.

आपल्या लोकांसाठी एक आडवाटेची गोष्ट. मिकी हार्ट आणि झाकीर हुसेन यांनी अनेक वर्षं एकत्र काम केलं, आणि या बँडला नेहमीच्या चारपेक्षा वेगळ्या मात्रांचं वेड होतं. 'प्लेइंग इन द बँड' दहा मात्रांवर आहे, 'द इलेव्हन' तर नावाप्रमाणे अकरावर. टाळी धरून ऐकायची सवय असेल तर १९६९ च्या टेपवर 'द इलेव्हन' मोजून बघा, दोन ड्रमर एकमेकांना कसे सोडतात आणि पुन्हा कसे धरतात ते कळतं.

३. आता तारीख, आणि इथला सगळ्यात मोठा खड्डा

तारीख अमेरिकन पद्धतीने लिहिलेली असते, आधी महिना, मग दिवस. ५/८/७७ म्हणजे ८ मे १९७७, पाच ऑगस्ट नाही. मी सुरुवातीला एक अख्खी संध्याकाळ ५ ऑगस्ट १९७७ शोधण्यात घालवली. सापडणार कसा, त्या दिवशी शो नव्हताच, मिकी हार्टच्या अपघातामुळे ते त्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाजलेच नव्हते. तेव्हा निदान चूक लक्षात तरी आली. पण ८/६/७४ घ्या. तो आहे ६ ऑगस्ट, जर्सी सिटीचं रूझवेल्ट स्टेडियम. उलटं वाचलंत तर ८ जून, आणि त्या तारखेलाही ओकलंडला शो झालेलाच आहे! म्हणजे तुम्ही चुकीचा शो लावून तासभर ऐकाल आणि कळणारही नाही.

आर्काइव्हवरच्या फोल्डरच्या नावात मात्र वर्ष, महिना, दिवस असा क्रम असतो.

इथे थांबून तपासा: तारखेसोबत शहर आणि हॉलचं नाव जुळतंय का? दोन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तारखा मिळवायच्या कशा? 'बेस्ट शो' याद्या चालतात पण त्या नेहमी त्याच दहा तारखांभोवती फिरतात. त्यापेक्षा उलटं करा. तुम्हाला आवडलेलं एक गाणं धरा आणि हेडीव्हर्जनसारख्या ठिकाणी, जिथे लोक एकेका गाण्याच्या वेगवेगळ्या रात्रींना मतं देतात, तिथे त्याची वरची पाच-सहा व्हर्जन्स बघा. एकच तारीख दोन-तीन गाण्यांत वर आली की ती वहीत लिहा. दुसरी युक्ती म्हणजे शेजारचे दिवस ऐकणं. बँड फॉर्मात असला की आठवडाभर असतो. ८ मे १९७७ सगळे ऐकतात, पण ७ मे चा बॉस्टन आणि ९ मे चा बफेलो किती जण लावतात?

४. टेपचा प्रकार ओळखा

यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

साउंडबोर्ड, नावात एस-बी-डी: स्टेजच्या मिक्सरमधून थेट घेतलेलं. लोकांना वाटतं साउंडबोर्ड म्हणजे डोळे झाकून बेस्ट. तसं नाहीये. मिक्सरमध्ये काय असतं? हॉलच्या स्पीकरला जे पाठवायचं ते. छोट्या हॉलमध्ये गिटारचा अँप आणि ड्रम तसेही सगळ्यांना ऐकू जातात, म्हणून ते स्पीकरमध्ये कमी सोडतात, आणि टेपवर येतं काय तर गाणारे कानाशी आणि गिटार शेजारच्या खोलीत. शिवाय प्रेक्षक गायब, टाळ्या दुरून आल्यासारख्या. १९७४ मध्ये तर अजून एक भानगड आहे. त्या वर्षीच्या प्रचंड स्पीकर भिंतीसमोर उभं राहून गायचं म्हणून प्रत्येक गायकाला दोन माइक उलट्या फेजमध्ये (म्हणजे दोन्हींत सारखा शिरलेला आवाज रद्द होईल असे) जोडून दिले होते, त्यामुळे त्या वर्षी गाणाऱ्यांचा आवाज टेपवर पातळ येतो. तो टेपचा दोष नाही, दुसरा सोर्स, म्हणजे त्याच रात्रीची दुसरी टेप, शोधून फरक पडणार नाही.

बेटी बोर्ड्स: बँडची रेकॉर्डिंग इंजिनीअर बेटी कँटर-जॅक्सनने रेकॉर्डिंगसाठी वेगळं मिक्स करून घेतलेल्या टेप्स. हॉलसाठीचं मिक्स नाही, ऐकण्यासाठीचं. १९७७ च्या वसंतातल्या टेप्स इतक्या समतोल वाटतात त्याचं मोठं कारण हे. माहितीत हे नाव दिसलं तर आधी ते ऐका.

ऑडियन्स, नावात ए-यू-डी: प्रेक्षकांत माइक लावून केलेलं. वाईट असेल तर नुसता गोंगाट आणि शेजारच्याची बडबड. पण चांगलं असेल तर त्या हॉलमध्ये उभं असल्यासारखं वाटतं. १९८० च्या दशकातले बरेच साउंडबोर्ड कोरडे आणि निर्जीव आहेत, आणि त्याच रात्रींच्या ऑडियन्स टेप्स चांगल्या माइकवर केलेल्या आहेत. ऑक्टोबर १९८४ पासून तर बँडने टेप करणाऱ्यांना हॉलमध्ये वेगळी जागाच दिली. माहितीत एफ-ओ-बी लिहिलं असेल तर माइक मिक्सरच्या पुढे, स्टेजजवळ होते, ही चांगली खूण.

मॅट्रिक्स: वरचे दोन्ही जुळवून एकत्र केलेलं. जमलं तर सगळ्यात छान. नाही जमलं तर दोन्ही टेप्स हळूहळू एकमेकींपासून सरकतात आणि ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. म्हणून मॅट्रिक्स तपासायचं तर सुरुवात ऐकून उपयोग नाही, लांब ट्रॅकचं शेवटचं मिनिट ऐका.

एफएम: रेडिओवरून घेतलेलं. ठीकठाक असतं, वरचा भाग थोडा कापलेला.

५. टेपचा प्रवास वाचा

प्रत्येक टेपच्या पानावर सोर्स आणि लिनिएज अशा ओळी असतात. लोक त्या सोडून देतात आणि थेट स्टार बघतात. स्टारवर अजिबात जाऊ नका, कारण लोक पाच स्टार त्या शोला देतात, त्या टेपला नाही, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या खरखरीत कॅसेटलाही पाच स्टार असतात.

लिनिएज म्हणजे मूळ टेपपासून तुमच्यापर्यंत किती हातांतून आली ते. मास्टर रीळ, मग डॅट (डिजिटल टेप), मग कॉम्प्युटर: उत्तम. मास्टर कॅसेट: चांगलं. 'कॅसेट, कॅसेट, कॅसेट' अशी माळ दिसली तर प्रत्येक कॉपीला खरखर वाढलेली आहे. लिनिएज 'अननोन' असेल तर लगेच फेकू नका पण दुसरा पर्याय असेल तर आधी तो घ्या. चार्ली मिलर हे नाव ट्रान्सफर करणाऱ्यांत, म्हणजे टेप कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्यांत, वारंवार दिसेल. मी स्वतः, काहीच कळत नसेल तेव्हा, त्याचा ट्रान्सफर आधी लावून बघतो.

त्याखालच्या नोट्स पण वाचा. 'अमुक गाण्यात कट', 'तमुक मिनिटाला ऑडियन्सचा पॅच' असं लिहिलेलं असतं. कॅसेट ९० मिनिटांची, एक बाजू ४५ ची, आणि दुसरा सेट तासापेक्षा मोठा, मग बाजू पलटायची वेळ नेमकी लांब जॅमच्या (आयत्या वेळी सुचेल तसं वाजवण्याच्या) मध्ये यायची. चांगल्या माणसाने तो खड्डा दुसऱ्या टेपने भरलेला असतो आणि कुठे भरला तेही लिहिलेलं असतं. न लिहिलेलं म्हणजे कट नाही असं समजू नका.

६. शेजारी-शेजारी ठेवून ऐका

आता एका तारखेच्या दोन किंवा तीनच टेप्स निवडा, जास्त नको, कान थकतात. रीलिस्टन नावाचं फुकट अॅप आहे, त्यात एका शोचे सगळे सोर्स एकाखाली एक दिसतात, तुलनेला ते सोपं पडतं.

८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल घेऊन दाखवतो. एक साउंडबोर्ड, एक ऑडियन्स.

पहिलं गाणं 'मिंगलवूड ब्लूज'. यावरून निकाल देऊ नका. पहिल्या गाण्यात मिक्स अजून बसत असतं, हे जवळजवळ प्रत्येक शोला लागू आहे. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून ऐका.

मग दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला जा. गाणं सुरू व्हायच्या आधी पुढे चेंगरलेल्या लोकांना मागे सरका म्हणून सांगतात तो तुकडा आहे. ऑडियन्स टेपवर त्या मोठ्या हॉलचा घुमणारा आवाज इथेच कळतो. तुम्हाला तो घुमणारा हॉल आवडतोय की त्रास देतोय ते इथे ठरवा, पुढे तीन तास तोच ऐकायचाय.

लगेच 'स्कार्लेट बिगोनियाज' आणि त्यातून 'फायर ऑन द माउंटन', मिळून साधारण पंचवीस मिनिटं. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना फक्त बास ऐका. साउंडबोर्डवर लेशचा प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो, ऑडियन्सवर तो जमिनीतून आल्यासारखा येतो. मग शेवटी 'मॉर्निंग ड्यू'. त्यात मध्ये बँड इतका खाली येतो की जवळजवळ शांतता, टेपची खरखर मोजायची तर याच जागी. आणि तिथून गार्सिया चढत चढत जातो, शेवटी गिटारच्या तारा भरभर छेडत सगळा बँड एकदम उसळतो, तिथे आवाज फाटतोय का ते बघा. मी ही जागा कितीदा ऐकली असेल ते मोजलं नाही, अजूनही दर वेळी हातातलं काम थांबतं.

लक्ष द्या: तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्या. जी टेप थोडी मोठी वाजते ती चांगलीच वाटते, आणि याला अनुभवी लोक पण फसतात.

वेग पण तपासा. टेपरेकॉर्डर जरा जलद फिरला असेल तर गार्सियाचा आवाज कोवळा, चिमटीत धरल्यासारखा येतो. एक अर्धा स्वर म्हणजे साधारण सहा टक्के वेगाचा फरक. पेटी किंवा ट्यूनर अॅप घेऊन त्याच गाण्याच्या अधिकृत रेकॉर्डिंगशी स्वर जुळवून बघा. टेपमध्ये विजेचा हम असेल तर तोही उपयोगी पडतो. अमेरिकेतला हम ६० हर्ट्झवर हवा, ऑडॅसिटीमध्ये (आवाज तपासायचं सॉफ्टवेअर) तो ६२ ला दिसला तर टेप जलद आहे. युरोप दौऱ्यातल्या टेप्सना हे मोजताना ५० धरा, तिथली वीज वेगळी.

७. अधिकृत सीडी आली आहे का ते बघा

बरेच चांगले शो अधिकृतपणे आलेले आहेत आणि तिथे मूळ रिळांवरून काम झालेलं असतं. 'डिक्स पिक्स' मालिका १९९३ ते २००५, ३६ भाग. 'डेव्ह्ज पिक्स' २०१२ पासून, वर्षाला चार. बार्टन हॉल २०१७ मध्ये आला, व्हेनेटा २०१३ मध्ये, आणि युरोपचे सगळे २२ शो २०११ मध्ये ७३ सीडींत. तुमची तारीख यात असेल आणि परवडत असेल तर घ्या.

पण दोन सावधगिरीच्या गोष्टी. सुरुवातीच्या काही भागांत पूर्ण शो नाही, निवडक गाणी आहेत, त्यामुळे गाण्यांची यादी पडताळून घ्या. आणि 'लाइव्ह' लिहिलं म्हणजे सगळं त्या रात्रीचंच असं नसतं. १९७२ चा युरोपवरचा तीन रेकॉर्ड्सचा अल्बम घ्या, त्यातला गाण्याचा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा गायलेला आहे. ऐकायला सुंदर आहे, पण त्याच्याशी तुलना करून दुसऱ्या टेपमधल्या गाणाऱ्यांना बेसूर म्हणू नका.

८. उतरवणं आणि जपणं

२००५ च्या शेवटापासून आर्काइव्हवर नियम असा आहे की साउंडबोर्ड फक्त तिथेच ऐकायचे, डाउनलोड नाही, मॅट्रिक्सचंही बहुतेकदा तेच. ऑडियन्स टेप्स उतरवता येतात. हा नियम पाळा. बँडने टेप करू दिलं आणि वाटू दिलं, अट एवढीच होती की पैसे कमवायचे नाहीत, म्हणून हा सगळा खजिना टिकलाय. कोणी या टेप्स विकत असेल तर घेऊ नका.

उतरवताना एमपी३ नाही, फ्लॅक घ्या, त्यात आवाजातलं काही कापलं जात नाही. तीन तासांचा शो साधारण १ जीबी होतो, वायफायवर करा. २४ बिटची फाइल तीन-चार पट मोठी असते, जुन्या कॅसेटवरून आलेल्या शोला मला तरी त्यात फरक ऐकू आलेला नाही.

सोबत एक छोटी टेक्स्ट फाइल आणि चेकसमची (फाइल जशीच्या तशी आली का ते तपासायच्या आकड्यांची) फाइल असते. दोन्ही ठेवा. टेक्स्ट फाइल काढून टाकली की पाच वर्षांनी ती टेप कुठली हे कोणालाच सांगता येत नाही, माझ्याकडे अशा आठ-दहा अनाथ फोल्डर आहेत आणि त्यांचं काय करायचं मला खरंच कळत नाही. चेकसम जुळवून बघा, फाइल अर्धवट उतरली असेल तर लगेच कळतं.

इथे थांबून तपासा: कुठून तरी मित्राकडून फ्लॅक मिळाली असेल तर स्पेकमध्ये (आवाजाच्या फ्रिक्वेन्सी चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) एक ट्रॅक उघडा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेष दिसली तर ती बहुधा एमपी३ वरून फुगवलेली आहे. मात्र कॅसेटवर वरचा भाग हळूहळू विरत जातो आणि एफएमवर १५ च्या आसपास थांबतो, कधी १९ वर एक बारीक रेष दिसते, त्यांना खोटं ठरवू नका.

फोल्डरचं नाव बदलू नका. त्यात तारीख, प्रकार, ट्रान्सफर करणाऱ्याचं नाव आणि एक क्रमांक असतो. तो क्रमांक म्हणजे त्या टेपची ओळख. उद्या कोणी तुम्हाला विचारलं की ७ मे चं कुठलं ऐकतोस, तर "साउंडबोर्ड" एवढं सांगून भागत नाही, तो क्रमांक पाठवा, म्हणजे समोरचा नेमकी तीच टेप लावेल.